उंदरांच्या खोलीतला एसी

“अजून उंदरावरच हाय,” असं म्हणून तो चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा. तो शोधत असलेल्या कर्करोगाच्या औषधाबद्दल कुणीही विचारलं, तरी उत्तर एवढंच.

आम्ही दोघांनी एकाच गुरूंकडे रसायनशास्त्रात पीएचडी केली आणि आष्टीच्या कॉलेजात एकदमच चिकटलो. मी गाइडं लिहिली; ती खपली. तो सुट्टी लागली की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पळायचा. पुढे विद्यापीठानेच दोन खोल्या दिल्या, भागीदारी घेतली आणि त्याची कंपनी निघाली. मी मुद्दाम बघायला गेलो. उंदरांच्या खोलीला एसी होता. आमच्या स्टाफरूमचा पंखा तुम्ही पाहिला असता, तर माझी पोटदुखी तुम्हाला समजली असती.

“कंपनीत ये की बे,” तो म्हणाला.

“पगार कोण देणार? उंदीर?”

तो हसला. वर्षभरात पुण्याचे गुंतवणूकदार आले, संशोधक पोरं नोकरीला लागली. मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

मग गावाने त्याचा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर नेत्यांचा फोटो मोठा, त्याचा छोटा, मधे कर्करोगाचं चिन्ह म्हणून खेकडा आणि खाली ‘कर्करोगावर विजय’. आभारप्रदर्शन माझ्याकडे. त्याला शाल घालत असतानाच डोंगराकडच्या वस्तीवरची एक बाई नवऱ्याच्या रिपोर्टांची पिशवी घेऊन थेट स्टेजपाशी आली. फ्लेक्स वाचूनच आली होती.

“देऊन टाका सर, आपलाच माणूस हाय,” नेते माइकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या.

“माणसाला अजून देता येत न्हाई, ताई,” तो म्हणाला. नेत्यांचा चेहरा उतरला, आणि मला जरा गार वाटलं.

तेही टिकलं नाही. तो शालीसकट खाली उतरला, पायरीवर तिच्याशेजारी बसून रिपोर्ट वाचत राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. सत्कारात मी तेवढे त्याच्या रिकाम्या खुर्चीचे आभार मानले होते.

आता कंपनी हैदराबादला गेली. माणसांवरच्या चाचण्यांची तयारी चालली आहे म्हणतात. इथली विभागप्रमुखाची खुर्ची मला मिळाली. ती त्याला कधी नकोच होती, हे त्यातलं दुखणं.

परवा ती बाई कॉलेजात आली. डोक्यावर सीताफळांची पाटी.

“सर हायत का?”

“हैदराबादला गेले. मालक कसे आहेत?”

“उन्हाळ्यात गेले. सर आलते की मातीला.”

हे तो मला बोलला नव्हता. मी म्हणालो, “ठेवा पाटी. मी पोचवतो त्याला.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“नगं. पिकल्यात, वाटंत फुटतेल,” म्हणत तिने दोन सीताफळं माझ्या टेबलावर ठेवली आणि पाटी उचलली.

ती गेल्यावर दाबून पाहिली. दोन्ही कच्ची होती.