भोंगा गप्प बसला तेव्हा

बस डेपोतल्या त्या ब्रेक फिटरला कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्याने वळूनसुद्धा बघितलं नसतं. सगळं गाव त्याला भोंगा म्हणायचं. दिवसभर कॉम्प्रेसरच्या धडधडाटात बोलून बोलून त्याचा गळा असा तयार झाला होता, की गाडीच्या पोटाखालून त्याने पाना मागितला की फाटकावरचा पहारेकरी दचकायचा. सुट्टीच्या दिवशी हाच गळा फुटबॉल क्लबच्या मैदानात, पूर्वेकडच्या पायऱ्यांवर कामाला लागायचा. क्लबच्या गाण्याची पहिली ओळ भोंग्याने उचलायची, मग बाकीच्यांनी. त्याच्याआधी कोणी तोंड उघडलंच, तर रांग मोडून घुसलेल्या माणसाकडे बघावं तसे सगळे त्याच्याकडे बघायचे.

गेल्या मोसमात क्लब खालच्या गटात जाता जाता वाचला. शेवटच्या सामन्यात समोरच्यांची पेनल्टी खांबावर आपटली, म्हणून नाक राहिलं. मग जुन्या मॅनेजरला नारळ मिळाला. आणि वरच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी, ज्यांच्या बुटांना कधी चिखल लागला नाही त्यांनी, नवीन आणला कोण? नदीपलीकडच्या क्लबचा जुना कप्तान! पूर्वेकडच्या पायऱ्यांनी त्याचं नाव कधीच ठेवून दिलं होतं: करवत. जाताना कापतो, येतानाही कापतो. याच करवतीने भोंग्याच्या धाकट्या भावाचा गुडघा आयुष्यातून उठवला होता. धाकटा तेव्हा क्लबचा आघाडीचा खेळाडू होता. आता टॅक्सी चालवतो आणि जिना उतरताना कठडा सोडत नाही.

बातमी कळली तशी भोंग्याने पायऱ्यांवरची सगळी मंडळी सलूनमध्ये गोळा केली. सलूनवाला म्हणजे पायऱ्यांवरचा ढोलवाला; त्याने एका गिऱ्हाइकाला अर्धी दाढी झालेली असतानाच बाकावर सरकवलं.

"डेपोत काय केलं होतं आपण?" भोंगा गरजला. "हत्यारं खाली ठेवली. एक गाडी हलली नाही. साहेब स्वतः खाली उतरून आला का नाही? इथेही तेच. करवत जाईपर्यंत पूर्वेकडून आवाज निघणार नाही. गाणं नाही, ढोल नाही, टाळी नाही. खेळव म्हणावं मुक्या मैदानावर!"

"आणि आपला गोल झाला तर?" सलूनवाल्याने विचारलं.

"जीभ चावायची."

सगळ्यांनी हातावर हात मारले. अर्ध्या दाढीवाल्यानेही मारला. तेवढ्यात धाकटा आला आणि दारातच उभा राहिला.

"गुडघा माझा आहे, दादा. मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? अख्ख्या गावाने बघितलंय."

"गावाने माझा पाय बघितला. चेंडू कोणी बघितला? चेंडू दोघांच्या मधोमध होता. मी पण तसाच घुसलो होतो. त्याचा पाय आधी पोचला, एवढंच."

"तू भोळा आहेस, गप बस."

"मी गप्पच असतो. ओरडायचं खातं तुझ्याकडे आहे," धाकटा म्हणाला आणि टॅक्सीकडे निघून गेला.

मोसमाआधीचा सराव सामना आला. पूर्वेकडच्या पायऱ्या खच्चून भरल्या आणि कोणी हूं की चूं केलं नाही. आणि मग ते घडलं, जे सलूनमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या शांततेत करवतीचा आवाज मैदानाच्या चारही कोपऱ्यांत पोचू लागला. "आत ये! मागे बघ! आता सोड!" डाव्या बाजूचा बचावपटू, ज्याला उभ्या उभ्या झोपतो म्हणून पेंगुळ म्हणत, तो चटका बसल्यासारखा धावायला लागला. इतकी वर्षं ढोलाच्या दणदणाटात मॅनेजर काय सांगतोय हे त्या पोराला कधी ऐकूच आलं नव्हतं. क्लबने सामना सहज खिशात घातला. पायऱ्यांवर माणसं जिभा चावून चावून हैराण.

बाहेर पडताना सलूनवाल्याचा चेहरा फुलला होता. तो कुजबुजला, "यंदा वरच्या चारांत येतो बघ आपण. म्हणजे इतकी वर्षं आपला ढोलच आडवा येत होता की काय!"

सगळे हसले. भोंगा हसला नाही.

ते हसू त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. डेपोत हत्यार खाली ठेवलं की गाडी जागची हलत नाही. इथे त्याने हत्यार खाली ठेवलं आणि गाडी सुसाट सुटली! म्हणजे संपाचं सोड, आपण कामावर होतो तेव्हाच ब्रेक लागलेला होता. आता क्लब जिंकत राहिला, तर भोंग्याच्या गळ्याची किंमत शून्य. हरला, तर करवत जाईल. पण क्लबही खालच्या गटात जाईल, आणि मग ओरडायचं कोणासाठी? दुसऱ्या दिवशी त्याने एक नट इतका आवळला की आटेच गेले. त्याच्या हातून असं कधी होत नसे.

घरी बायको शिलाई मशीनवर बसलेली असायची आणि तो तिच्या मागून खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"अहो, बसा एका जागी. मैदानावर मौन आणि घरात भोंगा! जरा उलटं करा की."

"मी इतकी वर्षं ओरडलो, ते फुकट गेलं?"

"फुकट कुठलं? उलट तिकीट काढून ओरडत होतात." तिने दोरा दातांनी तोडला. मग त्याचा चेहरा बघून जरा नरमली. "नका जाऊ मग रविवारी."

"न जाऊन कसं चालेल?" तो खेकसला, आणि पुन्हा खिडकीकडे गेला.

मोसमाच्या पहिल्या सामन्याला पाहुण्या संघाचे लोक पश्चिमेची बाजू भरून आले होते. त्यांच्याकडे कर्णे, पिपाण्या, सगळं. पूर्वेकडे स्मशान. करवतीची जागाही पश्चिमेला, त्या कोलाहलाच्या तोंडाशीच. पण पूर्वार्धात पेंगुळ त्याच्या नाकासमोर खेळत होता, त्यामुळे ऐकत होता. क्लबने एक गोल चढवला. भोंग्याने जीभ चावली. शेजारी धाकटा पाय लांब करून बसला होता आणि गालातल्या गालात हसत होता.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. पेंगुळ आता पूर्वेला, थेट भोंग्यापुढे आला, आणि करवत मैदानाच्या पार पलीकडे राहिला. त्यात सरावाच्या दिवसांपासून एकट्याने ओरडून त्याचा घसा बसलेला. तोंड उघडायचं, आवाज नाही. शेवटी तो हातवाऱ्यांवर आला.

आणि हात वाचणं हे तर भोंग्याचं रोजचं काम. कॉम्प्रेसर सुरू असताना डेपोत बस मागे घ्यायची ती हातांच्या खुणांवरच. पलीकडचा तळवा आत ओढला गेला आणि भोंग्याला तो लख्ख कळला. पेंगुळची मात्र त्या हाताकडे पाठ होती. तो हळूहळू पुढे वाहवत चालला होता आणि त्याच्या मागून पाहुण्यांचा चपळ खेळाडू निघाला होता. चेंडू उडाला.

"आत ये रे पेंगुळ! मागे बघ!"

पेंगुळ दचकून वळला, पाय घातला, चेंडू रेषेबाहेर गेला. पूर्वेकडची सगळी डोकी भोंग्याकडे वळली.

"भोंग्या," सलूनवाला म्हणाला, "शपथ तूच घातली होतीस ना?"

"गाणं म्हटलं का मी? टाळी वाजवली?"

"आवाज निघणार नाही, असं म्हणाला होतास."

धाकट्याला हसू आवरेना. "आवाज दादाचा कुठे होता? शब्दन्‌शब्द करवतीचा होता!"

भोंग्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उठून निघून जावं असं वाटलं. पण पलीकडे त्या माणसाने पुन्हा हात वर केले. दोन्ही तळवे खाली दाबले. आणि या वेळी तो पेंगुळकडे बघत नव्हता. तो पायऱ्यांकडे बघत होता.

"काय म्हणतोय?" धाकट्याने विचारलं.

"मागे थांब म्हणतोय."

"मग सांग की त्या पोराला."

"तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघतो, दादा. तू डावी बाजू बघ. ते पोरगं भरकटायच्या आत सांग त्याला."

भोंगा उठला. मग पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेला. "गाणं म्हणणार नाही," त्याने मागे न वळता सगळ्यांना बजावलं.

"कोण म्हण म्हणतंय!"

"ढोलाला हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाबा."

"मागे थांब!" भोंगा गरजला, आणि पेंगुळ खिळल्यासारखा थांबला.

गोल तेवढाच राहिला आणि क्लब जिंकला. गाणं कोणी म्हटलं नाही.  परतताना टॅक्सीत धाकट्याने गिअर टाकता टाकता विचारलं, "म्हणजे आता अख्खा मोसम त्याच्याकडे बघत उभा राहणार?"

"हातांकडे बघेन," भोंगा बाहेर तोंड करून म्हणाला. आवाज फाटला होता. "तोंडाकडे नाही."