विहीणबाईंचा सान्ह

न्यानने काचेवरची शाई पत्तीने पुन्हा घोटली, कागदाच्या तुकड्यावर बोटाने पातळ ओढली आणि तुकडा मॉनिटरशेजारी धरला. पडद्यावरचा रंग आतून दिवा लावल्यासारखा उजळत होता. कागदावरचा रंग तोच, पण दिवा विझलेला.

"झालं की," मशीनपाशी उभा असलेला तिचा नवरा थिन म्हणाला. "दोघांत फरक काय आहे?"

"तुम्हाला नाही दिसत. विहीणबाईंना दिसेल."

हनोईच्या गल्लीतला छापखाना दोघांचाच. मशीन थिनचं, रंग जुळवायचे न्यानने. औषधांची वेष्टनं, उदबत्तीचे पुडे, चहाची पाकिटं यांतलं काहीच रंग चुकला म्हणून परत आलं नव्हतं. आणि आता एकुलत्या एका मुलाच्या, विनच्या चामशी ठरलेल्या साखरपुड्याचे खोके अडून बसले होते.

खोके कोमच्या वड्यांचे. कोम म्हणजे कोवळ्या भाताचे हिरवे पोहे. सुपारी, चहा आणि या वड्या मुलाकडच्यांनी घेऊन जायच्या, मग मुलीच्या आईने त्या घरोघर वाटून साखरपुडा झाल्याचं कळवायचं. खोके मी स्वतः छापणार, असं न्यानने हौसेने सांगून टाकलं होतं. विहीणबाई थोआ राहायच्या पार दक्षिणेला, सा देकला. 'वाटणार तुम्ही, तर रंगही तुम्हीच सांगा,' असं न्यान त्यांना म्हणाली आणि स्वतःच्या हाताने गळ्यात फास घालून बसली.

थोआबाईंनी फोनवर रंगाचा एक चौकोन पाठवला. खाली लिहिलं होतं, 'असा सान्ह.' चौकोन हिरव्याच्या पार काठावरचा, निळ्याला टेकलेला होता, पण सान्ह म्हणजे हिरवाच. कोमच्या खोक्याला दुसरा कुठला रंग असतो?

पहिला नमुना कुरिअरने गेला. लगेच फोन आला.

"सुंदर आहे हो, विहीणबाई. पण फोनवरचा अजून सान्ह आहे."

"फोनमध्ये उजेड असतो, ताई. शाईत तो कुठून आणू?"

"तुम्ही त्यातल्या जाणकार. तुम्हाला जमेल."

हे गोड बोलणं न्यानला शिवीसारखं लागलं. तिने हिरवा वाढवला, पिवळ्याचा थेंब टाकला, नमुना पाठवला.

"हा तर आणखी लांब गेला," थोआबाई म्हणाल्या. "सान्ह वाढवा म्हटलं, तर तुम्ही कमी केलात."

त्या संध्याकाळी विनचा फोन. "आई, खरं सांग. चामच्या आईला वाटतंय, तुला चाम पसंत नाही. म्हणून तू मुद्दाम..."

"पसंत नसती तर बाजारातले खोके आणले असते. तिच्यासाठी शाई घोटतेय मी. नखं येऊन बघ माझी."

"मग त्या सांगतात तसा दे ना. एक रंगच तर आहे."

न्यानने फोन ठेवला. थिन मान खाली घालून हसत होता.

"जन्मभर हेच केलंस आणि एक हिरवा जमेना?"

"तुम्ही मशीन पुसा."

शेवटी तिने व्हिडिओ कॉल लावला आणि शाईच्या नंबरांचं शेडकार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं. कॅमेऱ्यात सगळीच पानं फिकट, आजारी दिसली. न्यानने कार्ड टेबलावर आदळलं.

"ताई, त्या रंगाची एखादी वस्तू सांगा. फोन नको, वस्तू."

"माझा त्या दिवशीचा पोशाख. त्याला जुळावं म्हणून तर चौकोन पाठवला."

"तो कसा आहे? केळीच्या कोवळ्या पानासारखा?"

"पान? पान कुठून आलं मध्येच? समुद्रासारखा."

आता न्यानच्या लक्षात आलं. दोघींच्याही भाषेत पानही सान्ह आणि समुद्रही सान्ह. इतके दिवस एक बाई निळा मागत होती आणि दुसरी तिला हिरवा वाढवून देत होती.

"अहो, पण कोमच्या खोक्याचा सान्ह पानाचाच असतो."

"आमच्याकडे कोम म्हणजे लाह्या, विहीणबाई. लाह्यांना कसला आलाय हिरवा?"

न्यानने शेडकार्डातली निळ्या नंबरांची पानं फाडून कुरिअरने पाठवली. थोआबाईंनी ती पोशाखाच्या कापडावर ठेवून पाहिली आणि एक नंबर कळवला. त्या नंबराची शाई न्यानने घोटली. पडद्याशेजारी धरली तर पुन्हा तेच, दिवा विझलेला. तरी तिने खोक्याचा नमुना छापला.

"निळ्या खोक्यात कोमच्या वड्या," थिन म्हणाला. "लोकांना वाटेल, कपड्यांची पावडर वाटतोय."

न्यानच्याही मनात तेच होतं, पण तिने खोका कुरिअरला दिला.

खोका सा देकला पोचला. थोआबाईंनी तो दारात उन्हात ठेवला, फोटो काढला आणि पाठवला. फोटोत खोका पेटल्यासारखा निळा दिसत होता.

'बघा, जमला,' त्यांनी खाली लिहिलं. 'अगदी फोनवरच्यासारखा. पहिल्यापासून हाच म्हणत होते मी, तुम्हीच उगीच हिरव्यात शिरलात.'

न्यानने उत्तर लिहिलं, पुसलं, आणखी लांब लिहिलं, तेही पुसलं. विन त्या घरचा जावई व्हायचा होता. 'तुमची नजर चांगली, ताई,' एवढंच तिने पाठवलं.

"काय म्हणतात?" थिनने विचारलं.

"जमला म्हणतात."

"मग तोंड का असं?"

"छापायला घ्या," न्यान म्हणाली. "त्यांनी नवा फोन घ्यायच्या आत."