डाव्या कोपऱ्यातला आकडा

"मॅडम, ह्यांच्या अंगावरून परत वारं गेलं वाटतं."

मी नुकतंच क्लिनिक उघडत होते. फोन लांज्याहून होता, सुनंदाकाकींचा. अशा फोनसाठी माझ्याकडे ठरलेले प्रश्न आहेत. आधी ते विचारायचे, मग घाबरायचं.

"तोंड एका बाजूला गेलंय?"

"नाय."

"दोन्ही हात वर होतायत?"

"हां. आताच दोरीवरचे कपडे काढलेनी."

"बोलणं अडखळतंय?"

"बोलणं? सकाळपासून मला बोलतायत ते थांबतच नाय."

"मग झटका कशावरून म्हणता?"

"पत्ता पडत नाय, मॅडम. शंख टाकला की मागे येतो. हे म्हणतात, डोकं गेलं. कालपासून जेवले नायत धड."

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत थेरपिस्टने फोनवर हुशारी करायची नसते. डॉक्टरांनी तपासलं आणि नवीन काही नाही असं सांगितलं. मग दोघं रिक्षा करून माझ्याकडे आली. काकीच्या हातात टॅब्लेटची पिशवी होती. त्यांचे यजमान, माझे पेशंट दत्तारामकाका, खाली मान घालून होते.

मी रत्नागिरीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. फिजिओथेरपिस्ट हातापायात ताकद आणतो. त्या हातापायांनी रोजची कामं पुन्हा कशी करायची, हे मी शिकवते. बटण लावणं, चहा करणं, सुटे पैसे मोजणं. काकांचा डावा हात-पाय बराच सुधारला होता. काठी घेऊन ते व्यवस्थित चालत. त्यांचा खरा त्रास दुसराच होता. त्यांना डावी बाजू हिशेबात येत नव्हती.

आमच्या भाषेत याला 'नेग्लेक्ट' म्हणतात. डोळे चांगले असतात, पण मेंदू डावीकडच्या जगाची दखलच घेत नाही. ताटातला भात संपतो, डावीकडची भाजी तशीच राहते आणि माणूस विचारतो, "आज भाजी नाय केलीस?" अर्धी दाढी राहते. आणि त्या माणसाला आपलं काही चुकतंय हे कळत नाही, कारण जे दिसलंच नाही ते राहिलं असं वाटणार कसं?

काकांची मेंढीकोटाची चौकडी यातच मोडली. हातात पत्त्यांचा पंखा धरला की डावीकडचे दोन-तीन पत्ते त्यांच्या लेखी नसतच. डावात इस्पिक चालू आणि हातातही इस्पिक असताना ते हुकूम मारत. मित्रांना वाटलं, दत्ताराम या वयात लबाडी करायला लागला. कुणी तोंडावर बोललं नाही. हळूहळू बोलवायचे बंद झाले.

मग त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, डोंबिवलीहून टॅब्लेट पाठवला आणि त्यावर एक पत्त्यांचा गेम घालून दिला. रोज संध्याकाळी ती तिकडून आणि बाबा इकडून एक डाव खेळत. फोन स्पीकरवर. प्रज्ञा मुद्दाम हरणाऱ्यातली नाही, हेही सांगून ठेवते.

गेम सोपा करून सांगते. प्रत्येकाची स्वतः निवडलेली पत्त्यांची जुडी असते, तिला डेक म्हणतात. पत्त्यांवर प्राणी, वादळं, शस्त्रं. प्रत्येक पत्ता टाकायला शक्ती खर्च होते. पहिल्या फेरीत एक शक्ती मिळते, दुसऱ्या फेरीत दोन, असं वाढत जातं. किती शक्ती लागणार तो आकडा पत्त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो.

डाव्या कोपऱ्यात! मला तेवढंच हवं होतं. मी टॅब्लेटच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. नियम असा, की आधी लाल पट्टी शोधायची आणि मगच खेळायचं. त्यामुळे नजर डावीकडे जायला शिकते. वहीतल्या रेघांच्या मध्यावर खुणा करायच्या नेहमीच्या व्यायामापेक्षा काका हा आवडीने करत.

त्यांचा हुकमी डाव ठरलेला होता. कासव तीन शक्तीचं, शंखही तीनचा. सहाव्या फेरीत दोन्ही एकदम टाकायचे. शंखामुळे कासवाची पाठ इतकी टणक होई, की प्रज्ञाचा गरुड चोच आपटून दमायचा. काका महिनाभर जिंकत होते.

आता क्लिनिकमध्ये त्यांनी तोच डाव मांडून दाखवला. सहावी फेरी आली. कासव टाकलं, ते बसलं. शंख ओढला, तो घसरत परत हातात आला. पुन्हा ओढला, पुन्हा परत.

"बघितलंत?" ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "सहातून तीन गेले, तीन राहिले. शंखाला तीन. हिशेब बरोबर हाय ना मॅडम? का तोही चुकतोय?"

"शंखाला किती लागतात, बघून सांगा."

"तीन."

"बघून, काका."

"बघितलंय की. तीन."

मी बघितलं. तिथे चार होता.

मी लाल पेन्सिल स्क्रीनच्या डाव्या कडेला उभी धरली. "ही दिसली की थांबा." त्यांची नजर उजवीकडून सरकत, अडखळत, पेन्सिलीपर्यंत गेली. मग कोपऱ्यावर आली.

"चार?" ते म्हणाले. "हे कोणी केलेनी?"

"गेमच्या कंपनीने."

"मला न विचारता?"

मी प्रज्ञाला स्पीकरवर फोन लावला. तिने सांगितलं ते असं. एखादा पत्ता फार भारी ठरायला लागला की सगळे तोच वापरतात आणि खेळात मजा राहत नाही. म्हणून कंपनी अधूनमधून आकडे बदलते. भारी पत्ता महाग करते, पडून राहिलेला पत्ता स्वस्त किंवा दणकट करते. त्याला बॅलन्स चेंज म्हणतात. या वेळी शंख महागला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो मॅडम. गेम उघडल्यावर मोठी सूचना येते ना. मला वाटलं बाबांनी बघितली असेल."

काकांनी आणि मी काकींकडे पाहिलं. काकी पदर सारखा करत म्हणाल्या, "इंग्रजीत काय आलं की मी फुली मारते. पैसे कापतात म्हणे."

काका पहिल्यांदा सरळ बसले. "म्हणजे माझं डोकं ठीक हाय. खेळच बदलला!"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांचा चेहरा बघून मला म्हणावंसंही वाटलं. पण टॅब्लेटच्या कडेला बोट फिरवलं तर लाल पट्टी नव्हती. चिकटपणाची खूण तेवढी राहिली होती. ती कधी निघाली कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण काका जिंकत होते. म्हणजे गेले कित्येक दिवस ते कोपरा बघतच नव्हते. आकडे पाठ होते. खेळणं सुधारलं होतं, बघणं जिथल्या तिथे राहिलं होतं.

"हिशेब एकदम ठीक आहे, काका. नजर अजून डावीकडे जात नाही. तुम्ही पाठांतरावर जिंकत होतात."

त्यांनी टॅब्लेट काकींकडे सरकवला. मग फोनवरून प्रज्ञाने मला स्पीकर बंद करायला सांगितलं.

"मॅडम, तुम्हाला ते दुधाचं ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. काकी मागच्या दारी गेल्या होत्या. गॅसच्या डाव्या शेगडीवर दूध होतं. काका शेजारी बसून होते. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं कोळसा झालं. काकी धूर बघून धावत आल्या, तेव्हा काका म्हणाले, "वास कसला येतोय गो?"

"मी दिवाळीत येतेय," प्रज्ञा म्हणाली. "घर बंद करून दोघांना डोंबिवलीला आणणार. आई एकटी किती लक्ष ठेवणार? बाबा लांज्याला सुरक्षित राहू शकतात का, तो तुमचा रिपोर्ट आला की पक्कं करते. त्यांना राहू द्या असं लिहायचं म्हणून लिहू नका."

"मी तसं कधीच लिहीत नाही," मी म्हटलं.

हा बेत घरात आधीच निघाला होता, आणि काकांना लांजं सोडायचं नव्हतं. काकींना तर नव्हतंच. अंगणातल्या आंब्याच्या दोन कलमांवरून त्या माझ्याशी अर्धा तास बोलू शकत. पण त्या दिवशी मला रिपोर्ट लिहावा लागला असता, तर मी 'नाही' लिहिलं असतं.

मी नवी लाल पट्टी लावली, जुन्या पट्टीपेक्षा रुंद. "आता नवा डेक बांधू," म्हटलं.

"नको," काका म्हणाले. "किती शिकायचं या वयात? आज शंख महाग, उद्या कासव. भरा सामान. जातो डोंबिवलीला, बसतो गॅलरीत."

काकांचं लांज्याला एसटीच्या थांब्यासमोर टेबलावर मांडलेलं काजूगराचं दुकान होतं, जन्म त्यावर गेला. काकींनी तेच दुकान काढलं.

"हायवे रुंद झाला, थांबा पुढे सरकला, तेव्हा काय केलंत? गाडी थांबत नाय म्हणून रडत बसलात? टेबल डोक्यावर घेतलंत नि नव्या थांब्याकडे नेऊन मांडलंत. मी म्हणत होते लोक हसतील. तेव्हा बोललात, थांबा आपल्या बापाचा नाय, टेबल आपलं हाय. आणि आता एका शंखासाठी गॅलरीत बसताय?"

"ते टेबल जड होतं गो," काका म्हणाले.

"मग? हा पत्ता काय जड हाय?"

मी या धंद्यात पुष्कळ कोर्सेस केलेत. यातलं मला काहीही सुचलं नसतं.

पुढची पद्धत मी ठरवली. एक, प्रत्येक पत्ता उचलायच्या आधी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. पाठ असला तरी. दोन, काकींनी फुली मारायची नाही. तीन, डेकमधला एक पत्ता दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे पाठ व्हायला सवड मिळणार नाही. तिसरा नियम काकांना आवडला नाही. पण त्यातूनच त्यांना खेकडा सापडला. पूर्वी कुणी न वापरलेला पत्ता, याच बदलात स्वस्त झालेला. कासवाच्या जोडीला खेकडा ठेवून ते पाचव्या फेरीतच दोन्ही टाकायला लागले. प्रज्ञाने मला मेसेज केला, "खेकड्याने गरुडाला चावलं. बाबा अर्धा तास हसत होते."

सुरुवातीला ते हरलेही खूप. तक्रार करत. पण ताटातली भाजी संपायला लागली. मग दाढी पुरी व्हायला लागली. मी कागदावर एकेक नोंद करत होते, पण कागदावर माझा पूर्ण भरवसा नव्हता. क्लिनिकमध्ये चांगलं आणि घरी जैसे थे, हे मी अनेकदा पाहिलंय.

म्हणून दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी एसटीने लांज्याला गेले. होम व्हिजिट म्हणजे माणूस स्वतःच्या घरात कसा वावरतो ते बघणं. स्वयंपाकघरात टेबलाशी काका बसले होते, पुढे टॅब्लेट, स्पीकरवर प्रज्ञा. गॅस त्यांच्या डाव्या हाताला. काकींनी चहासाठी दूध डाव्या शेगडीवर ठेवलं. मीच तसं सांगितलं होतं, काकांना न कळू देता.

गेम उघडला आणि स्क्रीनभर इंग्रजी सूचना आली. काकीचा हात सवयीने पुढे गेला.

"थांब गो," काका म्हणाले. "फुली मारू नकोस. काहीतरी बदललंनी असणार."

त्यांनी सूचना बाजूला केली आणि आपला डेक उघडला. बोट एकेका पत्त्याच्या डाव्या कोपऱ्यावर गेलं. कासव तीन. खेकडा दोन. मग त्यांनी सगळ्या पत्त्यांच्या यादीत प्रज्ञाचा आवडता पत्ता शोधला.

"बाय, तुझा गरुड महागला बघ. पाच झाला."

"काहीतरीच काय, बाबा! चार आहे."

"बघून सांग."

स्पीकरवर पत्ते चाळल्याचा आवाज आला. "अरेच्चा," प्रज्ञा म्हणाली.

खेळ सुरू झाला. दूध तापत होतं. कडेला साय सरकायला लागली. काकी चुळबुळल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दूध वर चढायला लागलं. काकीची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"बाबा, तुमची पाळी," प्रज्ञा म्हणाली. "बाबा? ऐकताय ना?"

काकांनी खेकड्यावर बोट ठेवलं होतं. ते तसंच ठेवून त्यांनी मान वळवली. डावीकडे.

"थांब बाय," ते म्हणाले. "दूध आलंय."

काठी न घेता, टेबलाला धरून ते उठले, गॅस बंद केला, पातेल्याकडे एकदा नीट बघितलं आणि परत येऊन बसले. मग खेकडा टाकला.

फोनवर प्रज्ञा डाव विसरून गेली.

"मॅडम, तुम्ही तिथे आहात का?"

"आहे."

"दूध कुठल्या शेगडीवर होतं?"

"डाव्या."

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. काकांना कळेना. "काय झालं गो? एक खेकडा बसला म्हणून रडतेस? अजून दुसरा हाय माझ्याकडे."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: घरी राहू शकतात. खाली अटी घातल्या. गॅसला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, रस्त्यावर जाताना सोबत, दर महिन्याला तपासणी. प्रज्ञा दिवाळीत आली ती व्हॉल्व्ह बसवून परत गेली. जाताना तिने घराला कुलूप लावलं नाही.

क्लिनिकमधले तरुण थेरपिस्ट मला विचारतात, पेशंटला गेम कुठला द्यावा. मी म्हणते, कुठलाही द्या, त्यांना आवडेल असा. फक्त लाल चिकटपट्टीचा गुंडाळा जवळ ठेवा. आणि पेशंट सारखा जिंकायला लागला की आधी पट्टी जागेवर आहे का, ते बघा.