उंबरठ्यावरचे मास्तर

आमचे तालीममास्तर तालमीला सुरुवात करीत ती कोणालाही आत येऊ न देता. कल्याणच्या खाडीकाठी मिठाची एक रिकामी वखार होती. तिथे आम्हा पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना ते नाटक शिकवीत आणि रात्री तिथेच झोपत. संध्याकाळी दारात आडवा हात धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "तू नको. तुला रोज बघतो. दुसऱ्या कोणाला तरी आण." मग ज्याने त्याने आपल्या पाहण्यातले एखादे माणूस होऊन उंबरठा ओलांडायचा. ते कोण, हे आतल्यांनी ओळखले तर प्रवेश; नाही तर पुन्हा रस्त्यावर.

दुसऱ्या तालमी मी पाहिल्या आहेत. तिथे पोराकडून नांदी घोकून घेतात आणि शब्द चुकला की छडी ओढतात. भीतीने कला येते असे मानणाऱ्यांना शिकवण्याचा अधिकार कोणी दिला, हे मला अजून कळलेले नाही. आमच्या मास्तरांकडे छडी नव्हती, तरी उशिरा कोणी येत नसे. आज कोण कोणाला घेऊन येतो, हे चुकवायला कोणाचीच तयारी नसे.

नायिकेचे काम करणारा रघू एकदा कोलशेतची मीठवाली होऊन आला. मान ताठ, चाल ठसक्याची. पोरांनी लगेच ओळखले. मास्तरांचा हात मात्र खाली येईना.

"टोपली भरलेली आहे की रिकामी?"

"भरलेली," रघू म्हणाला.

"मग हसतोस काय रे? मानेवर एवढं ओझं घेऊन कोणी हसतं? जा, भरून आण."

रघू रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. या वेळी त्याच्या रिकाम्या डोक्यावरचे मीठ आम्हाला खरोखर दिसले.

मी सुधारणेच्या चोपड्यांवर वाढलेला. पहिल्या दिवशी मी एक सुधारक होऊन आलो आणि विधवांच्या दुःखावर दारातच भाषण ठोकले. मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

"आवाज चांगला आहे. पण हा गृहस्थ राहतो कुठं? घरी कोण कोण आहे त्याच्या?"

मी भाषणाचे पहिले वाक्य पुन्हा सुरू केले.

"बघून ये," ते म्हणाले.

घरी माझी आत्या होती. लहानपणीच विधवा झालेली, केस काढलेली, आमच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढणारी. मी तिला आठवडाभर पाहिले आणि एका संध्याकाळी तिला वखारीत घेऊन गेलो. आलवणाचा पदर कपाळाखाली ओढल्यासारखे केले, भिंतीला खांदा घासत आत आलो आणि जमिनीवर बसलो. बाहेर पाऊल वाजले की पाय पोटाशी ओढून घेत होतो.

मग रघू हळूच म्हणाला, "आमची काकू."

"नाही, माझी ताई आहे ती," मागून कोणी तरी म्हणाले. तिसऱ्याने तिसरेच नाव घेतले.

मास्तरांनी हात खाली घेतला. "सगळ्यांचं बरोबर आहे," एवढेच म्हणाले. त्या दिवशी नाटकाची पोथी उघडलीच नाही.

वखार माझ्या वडिलांची. ते ठाण्याच्या कोर्टात वकील. गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी ते स्वतः दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, नाटक बसवा, माझी ना नाही. पण घरातल्या बायका इथं आणायच्या नाहीत. पोथी उघडायची आणि सुरू करायचं. एवढं मान्य असेल तर वखार तुमचीच आहे."

मास्तरांना दुसरे छप्पर नव्हते, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

"वकीलसाहेब, पोथी मी कुठूनही सुरू करीन. पण 'बघू नका' असं पोरांना सांगून मला सुरू करता येणार नाही."

"मग उद्या जागा मोकळी करा."

"करतो."

तत्त्वासाठी सर्वस्व सोडणारी माणसे मी छापील पानांवर पुष्कळ वाचली होती. ठिगळ लावलेल्या अंगरख्यातले एक तेव्हा प्रथम डोळ्यांनी पाहिले.

रात्री वडील जेवायला बसले होते. आत्या वाढत होती. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "दादा, त्या मास्तरांना घालवू नका."

आत्याने काही मागितलेले आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते. वडिलांनी मान वर केली नाही. आई भाताचे भांडे हातात धरून तशीच उभी राहिली.

"पोरानं मला बघितलं. त्यात वाईट काय झालं?" आत्या म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

वडिलांनी आपला हुकूम फिरवला नाही. सकाळी मी बंदरावर धावत गेलो तेव्हा मास्तर होडीत बोचके ठेवत होते. मी त्यांना रात्रीची हकीकत सांगितली.

"स्वतः बोलल्या?"

"हो."

"वकीलसाहेबांच्या तोंडावर?"

"हो. सगळ्यांसमोर."

मास्तर पाण्यात पाय सोडून होडीच्या काठावर बसले आणि हसू लागले. डोळे पुसत, मोठ्याने, बंदरावरचे लोक वळून बघत होते तरी. "मग वखार स्वस्तात गेली रे," ते म्हणाले.

होडी सुटली तरी ते हसतच होते. आज रात्री पाठ कुठे टेकायची, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते.