वगाचा शेवट

लहानपणी जत्रेत तमाशा बघता बघता झोप लागली आणि बायडाबाईंना वगाचा शेवट बघायचा राहून गेला. तोच वग आता मोबाइलवर सापडला. पण इस्लामपूरच्या खाणावळीत त्या भाकऱ्या थापत असताना स्क्रीन काळी व्हायची, आवाजही थांबायचा. पिठाच्या हातांनी तो पुन्हा लावणार कोण?

एके सकाळी नात साक्षीनं मोबाइलमध्ये सोय करून दिली. "आज्जे, आता स्क्रीन बंद झाली तरी आवाज चालू राहतोय."

"म्हंजी ती माणसं अंधारात बोलत बसणार? बिचारी."

"तू थाप की गप."

ढोलकीच्या ठेक्यावर भाकऱ्या पडू लागल्या. वगाच्या शेवटी राजाला राणी भेटली तेव्हा मात्र बायडाबाईंचे हात थांबले आणि तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांनी ठेच्याबरोबर स्वतःच चवीनं खाल्ली.