पप्पा केनियाला निघाले आणि आत्याने डोळे मिटले

थांबा, ताटावरून उठून टाईप करतेय, कारण हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. परवा मी माझ्या सख्ख्या पप्पांना भर प्रार्थनेतून पळवून लावलं.

पप्पा आमच्या चर्चचे पाळक. गेल्या वर्षी केनियाला जाऊन तिथल्या खेड्यांतल्या पाळकांना बायबल कसं शिकवायचं ते शिकवून आले. तिथल्या लोकांना ते इतकं आवडलं की यंदा परत बोलावणं! काहीजण तर वर्गासाठी लांबलांबच्या गावांतून पायी निघालेसुद्धा होते. विमान चुकलं असतं तर ते तिकडे पोचणार आणि मास्तर इकडे आमच्या घरी, शरणपूर रोडवर! विमान रात्रीचं, मुंबईहून. गाडी दुपारीच दारात.

पण आमच्यात कोणी लांब निघालं की निरोपाची प्रार्थना होते. एकाचं संपलं की दुसरा सुरू, आणि डोळे मिटलेले असताना मध्ये बोलायची कुणाची टाप नाही. छोटी करा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांनी मान हलवली. (तिथेच मला कळायला हवं होतं.)

शेजारच्या शमुवेलकाकांनी पायलटपासून सुरुवात केली. मग मुंबईच्या वाटेवरचा कसारा घाट, एकेका वळणासकट! मग पप्पांची मोठी बहीण, रूथआत्या. तिने पप्पांचं बायबल छातीशी धरलं आणि थेट जगाच्या उत्पत्तीपासून घेतलं. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा मी जोरात आमेन म्हटलं. आत्याला वाटलं, पोरगी भारावली. ती दुप्पट जोमाने सुरू!

बाहेर ड्रायव्हरचा हॉर्न. इकडे आत्याच्या प्रार्थनेत इस्राएल लोक अजून तांबड्या समुद्राच्या अलीकडेच. मी गुपचूप बॅगा गाडीत टाकल्या आणि पप्पांची बाही ओढली. ते चवड्यांवर चालत बाहेर आले.

"अगं, हे बरं दिसत नाही."

"पप्पा, ती पायी निघालेली माणसं आठवा."

बसले. गाडी मुंबई नाक्याकडे पसार. मी आत येऊन पुन्हा डोळे मिटले. (केवढी ही हुशारी!)

शेवटी आत्याने आमेन म्हटलं, डोळे उघडले. पप्पांची खुर्ची रिकामी, वर नुसती निरोपाची शाल! आता आमची श्रद्धा अशी की शेवटच्या दिवशी प्रभू आपल्या माणसांना अचानक वर उचलून घेणार. आत्याने आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःकडे.

"दाविद गेला," ती हळूच म्हणाली. "आपण राहिलो."

शमुवेलकाका मटकन खाली बसले. "माझं मला वाटलंच होतं. पण रूथबाई, तुम्हीसुद्धा?"

मी हसत हसत सगळं कबूल करणार, तेवढ्यात पप्पांचा फोन, वाटेतल्या वाडीवऱ्ह्याहून. पासपोर्ट बायबलमध्ये ठेवलाय म्हणे, आणि बायबल काही सापडत नाही.

ते आत्याच्या छातीशी!

गाडी उलटी फिरली. पप्पा धापा टाकत दारात, आणि दारात आत्या.

"शेवट ऐकलाच नाहीस तू, दाविद. अर्ध्या प्रार्थनेवर समुद्र ओलांडतात का? मीट डोळे."

पप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिटले.

विमान मिळालं. अगदी शेवटचा प्रवासी म्हणून, धावत. आणि आत्ता, मी जेवत असताना, पप्पांचा मेसेज आला: पायी निघालेले सगळे पोचले, वर्गाची सुरुवात प्रार्थनेने झाली, ती अजून चालू आहे, एक डोळा उघडा ठेवून टाईप करतोय.

रविवारपासून चर्चमध्ये माझी जागा ठरलीये, आत्याच्या शेजारी. प्रार्थनेत ती माझा हात धरून ठेवणार आहे.

तुमच्याकडे कधी कुणाला असं पळवावं लागलंय का? की हे धंदे फक्त माझेच?