एक आवाज, चौदा नावं

सेवेतले बरेचसे गुन्हे आता विस्मरणात गेले आहेत. ती घटना मात्र अजून आठवते, आणि आठवली की आजही मी चक्रावतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नाशिक रोड भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. एका सकाळी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. ठाणे अंमलदार पासपोर्टच्या चौकशीत गुंतला होता. अर्धा तास वाट बघून ते सरळ माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले.

"साहेब, हसू नका," ते म्हणाले. "शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी रोज इंग्रजीत बोलते. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. आवाज तोच, पण नाव रोज वेगळं. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं."

मी हसलो नाही. स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि दुपारी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी जाऊन भिंतीला कान लावला. पलीकडून स्वच्छ इंग्रजीत एक तरुण आवाज येत होता. आधी नाव, मग कॉलेज, मग पदवी आणि पुढे पाऊण तास संगणकाबद्दलची उत्तरं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. नोकरीची मुलाखत चालली आहे, एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आवाज तोच होता, नाव आणि कॉलेज मात्र बदललं होतं.

खोट्या पदव्या विकणारी टोळी असावी, असा माझा अंदाज. वरिष्ठांना कळवलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच, एक महिला अंमलदार आणि दोन शिपाई घेऊन छापा टाकला.

बाहेरच्या खोलीत फ्लॅटचा मालक होता. संगणकाचा क्लास चालवणारा, पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. शेजारी त्याचा मदतनीस. लॅपटॉपसमोर कडक इस्त्रीच्या शर्टातली एक तरुणी बसली होती. आतल्या खोलीच्या दारात साध्या पंजाबी ड्रेसमधली एक बारीक मुलगी पाण्याची बाटली धरून उभी होती.

"तू इथं स्वयंपाकाला आहेस का?" मी तिला विचारलं. तिनं हातातली बाटली खाली ठेवली. "बरं, बाजूला बस," म्हणालो आणि पंचनामा सुरू केला.

ठाण्यात आल्यावर आधी त्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणीची चौकशी केली. तिची इंजिनिअरिंगची पदवी अस्सल निघाली आणि माझा अंदाज तिथंच कोसळला. तिला इंग्रजीत चार वाक्यं बोलायला लावली. तो आवाज तिचा नव्हता. ती रडायलाच लागली.

मालक मात्र दाद देईना. "मी फक्त मुलाखतीची तयारी करून घेतो, साहेब," एवढंच घोकत होता. चौकशीत माणसाच्या तोंडापेक्षा मी डोळ्यांकडे जास्त बघायचो. हा दर दोन मिनिटांनी दाराबाहेरच्या बाकाकडे बघत होता. बाकावर महिला अंमलदाराजवळ ती पंजाबी ड्रेसमधली मुलगी बसली होती.

"ती कोण?" मी विचारलं.

त्यानं बाकावरची नजर काढली. मग खाली बघत म्हणाला, "साहेब, मुलाखती तीच देते."

घरकाम करणाऱ्या पोरीवर हा ढकलतोय, असं मला वाटलं. तिला आत बोलावलं. "हा काय म्हणतोय?"

"खरं हाय, सर. मीच बोलायची."

मुलाखतीत बोलायचीस तसं बोलून दाखव, असं मी तिला सांगितलं. ती ताठ बसली. दुसऱ्याच क्षणी तोच आवाज, तेच स्वच्छ इंग्रजी. जबाब लिहून घेणाऱ्या महिला अंमलदाराचा पेन थांबला. तीस वर्षं माणसं ओळखायचा पगार घेतला आणि या मुलीला मी निव्वळ कपड्यांवरून स्वयंपाकीण ठरवून मोकळा झालो होतो.

मुलगी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. आईबाप दर हंगामाला द्राक्षबागांत मजुरीला येणारे. शिक्षण बारावी. जुन्या मोबाइलवर बघून बघून ती प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि नोकरीसाठी एकटी नाशिकला आली.

"कंपनीच्या फॉर्मात पदवीचा रकाना असतो, सर. रिकामा ठेवला की फॉर्म पुढं जातच नाय. त्यात खोटं भरायचं मनाला पटलं नाय."

"मग हे पटलं?"

मग तिनं सगळं सांगितलं. मालकानं नोकरीचं आमिष दाखवून तिची मूळ कागदपत्रं पडताळणीसाठी म्हणून घेतली होती. आधी सराव म्हणून एक मुलाखत द्यायला लावली. मालकाला पैसे देणारी पदवीवाली मुलगी कॅमेऱ्यात तोंड दाखवायची, मग "नेट अडखळतंय" म्हणून कॅमेरा बंद करायची आणि पुढचं सगळं ही बोलायची. नको म्हणाली तेव्हा उत्तर मिळालं, "जा, पण कागद विसर." त्याच्या कपाटात तिची बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कुलपात सापडला. तिच्या वहीत चौदा नावं होती. नावांत गोंधळ होऊ नये म्हणून एकेका पानावर एकेकीची माहिती लिहिलेली.

त्या चौदाजणींपैकी एकीला घेतलेल्या कंपनीचे अधिकारी जबाबाला आले. त्यांच्याकडे लागलेल्या मुलीला तीन महिन्यांत साधं कामही जमलं नव्हतं. खात्री करायला म्हणून त्यांनी हिला दोन प्रश्न विचारले. दोनाचे वीस झाले. आपण पोलीस ठाण्यात बसलोय, हेही ते विसरले.

"साहेब, आमच्या अख्ख्या टीममध्ये इतकं चोख सांगणारं कुणी नाही," ते मला म्हणाले.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुमच्याकडं मी माझ्या नावानं तीनदा अर्ज केला हाय."

त्यांनी तिथूनच ऑफिसात फोन लावला. तीन अर्ज खरंच सापडले. कोणीही न वाचता बाद झालेले. त्यांचा चेहरा उतरला.

"आता घ्याल हिला?" मी विचारलं.

"पदवीचा नियम आहे, साहेब," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मालकाला अटक झाली. मुलगीही आरोपी होतीच, कायद्यात ते टळत नव्हतं. पण कागदपत्रं अडकवल्याचा पंचनामा मी बारकाईनं लिहिला, तिचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला आणि पुढे न्यायालयानं तिला माफीचा साक्षीदार केलं. त्या चौदाजणींपैकी बहुतेकींच्या नोकऱ्या गेल्या.

न्यायालयाचा हुकूम आला त्या आठवड्यात मी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराला गाठलं. काही न लपवता सगळं सांगितलं, गुन्ह्यासकट. तो म्हणाला, "पाठवा. संगणकावर चालणारं माझं मशीन चालू करून दाखवलं तर बास."

तिची मुलाखत झाली त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, त्यांनी पहिलं नाव विचारलं. मला बोलताच येईना. वहीतलीच नावं तोंडावर यायला लागली."

"मग?"

"मग सांगितलं. माझंच."

सोमवारपासून ती कामावर रुजू झाली. हजारो माणसांची नावं मी जबाबात उतरवून घेतली, पण स्वतःचं नाव सांगायला मिळणं हीसुद्धा एखाद्याची कमाई असते, हे मला त्या फोनवर कळलं.